अल्बम-विक्रीची घसरण (बेळगाव सीमाभाग)

आठ-दहा गाणी एका कॅसेटवर, सीडीवर नाहीतर एलपीवर (ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीवर) एकत्र बांधून विकायचा जो धंदा होता तो बसला आणि लोक गाणी विकत घ्यायचं सोडून फोनवर नुसती ऐकायला लागले, त्याला अल्बम-विक्रीची घसरण म्हणतात. जगभर याचं खापर स्ट्रीमिंगवर, म्हणजे नेटवरून थेट गाणं ऐकण्यावर, फोडतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, तिकडं हल्याळ आणि पार वर भालकी-बिदर अशा कर्नाटकातल्या मराठी पट्ट्यात मात्र ते तितकंसं बरोबर नाही. इथला अल्बम आधीच मेमरी कार्डानं खाल्ला होता, स्ट्रीमिंगवाले आले ते तेराव्याच्या जेवणाला.

आधी बाहेरचे आकडे बघू. अमेरिकेत २००० साली कंपन्यांनी सुमारे ९४ कोटी सीड्या बाजारात पाठवल्या, २०२२ साली जेमतेम ३ कोटी ३० लाख, आणि त्याच वर्षी १९८७ नंतर पहिल्यांदा एलपींचा आकडा सीड्यांच्या वर गेला, म्हणजे उरलं ते हौशी गिऱ्हाईक. मधल्या काळात १९९९ ला नेटवर नॅप्स्टरवरून गाण्यांची फुकटची देवघेव सुरू झाली, २००३ ला ॲपलच्या आयट्यून्स या नेटवरच्या दुकानानं ९९ सेंटला एकेक गाणं सुटं विकायला काढलं आणि मोळी सुटली ती तिथंच, असं माझं मत. स्पॉटिफाय हे स्ट्रीमिंगचं ॲप २००८ चं. रेकॉर्ड धंद्याची जगातली कमाई २०१४ च्या सुमाराला तळाला गेली, मग परत चढली, आणि २०२३ ला त्यातला दोन तृतीयांश पैसा स्ट्रीमिंगचा होता. धंदा वाचला, अल्बम नाही वाचला. अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या अल्बम-यादीत तर २०१४ च्या डिसेंबरपासून २०१८ पर्यंत गाणी १५०० वेळा वाजली की एक अल्बम खपला असं धरायचे. दीड हजारदा चहाचा वास घेतला की एक कप प्याला धरायचा, तसलाच हिशोब.

कॅसेटचे दिवस

एलपी म्हणजे मोठ्या घरातली वस्तू, ती घरोघरी कधी पोचलीच नाही. पोचली ती कॅसेट. १९८० च्या दशकात टी-सिरीजनं स्वस्त कॅसेटी काढल्या, जुनी गाणी दुसऱ्या आवाजात भरून विकायला कायद्यातली सवलत वापरली, एचएमव्ही या जुन्या रेकॉर्ड कंपनीची मक्तेदारी मोडली आणि बेळगावच्या खडेबाजारापासून निपाणीच्या स्टँडपर्यंत कॅसेटची दुकानं झाली. दुकानात खण भाषेप्रमाणं असायचे, मराठी, कानडी, हिंदी, कोपऱ्यात थोडी कोकणी. भीमसेन जोशी दोन खणांत असायचे, मराठीत अभंग आणि कानडीत दासांची (कानडी संतकवींची) पदं, माणूस तोच, फक्त कव्हरावरची लिपी वेगळी. कानडी नट-गायक राजकुमारांची कॅसेट मराठी घरातही वाजायची, सीमाप्रश्नाचं काय भांडण असेल ते टेपच्या बाहेर.

विकतच्या कॅसेटीपेक्षा चालायचं ते रेकॉर्डिंग. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहायची, कोरी साठ नाहीतर नव्वद मिनिटांची कॅसेट सोबत द्यायची, दुकानदार चार दिवसांनी या म्हणायचा आणि आठव्या दिवशी हातात द्यायचा. बाजू संपली की गाणं मध्येच तुटायचं. आमच्याकडं एक भावगीत दुसऱ्या कडव्यात तुटलेलं होतं, ते आता फोनवर पुढं चालू राहिलं की मला अजून दचकायला होतं. प्लेलिस्ट म्हणतात ती हीच की. कायद्यात बसत नव्हतं खरं कुणी विचारायला आलं नाही.

तरी विकतच्या अल्बमचा मान वेगळा होता, कारण त्यात क्रम असायचा. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ ला जन्मलेले कुमार गंधर्व पावसाळ्यावर, कबीर-सूर-मीरेवर अख्ख्या मैफली बांधायचे, कशामागं काय येणार हे ठरवून. चांगली कॅसेट म्हणजे त्याचंच छोटं रूप. नाट्यगीतांची कॅसेट पोरांनी बी बाजूनं लावली की आजोबा आतून ओरडायचे, "उलटं लावलंस की रे!"

मेमरी कार्ड

२००० नंतर एमपी३ सीडी आली, एकीवर शंभर-दीडशे गाणी, फुटपाथवर, बहुतेक चोरीचीच. मग मेमरी कार्ड. मोबाईलच्या दुकानात कॉम्प्युटरपुढं एक पोरगं बसलेलं असायचं, "काय भरू, मराठी का हिंदी का मिक्स?" विचारायचं आणि दहा-वीस रुपयात कार्ड गच्च. फोल्डरांची नावं 'नॉनस्टॉप', 'डीजे', 'देवाची', 'जुनी सॅड'. अल्बमचं नाव गेलं, गायकाचं गेलं, गीतकार-संगीतकार तर पत्त्यातच नाहीत. कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर कवी कोण, तबल्याला कोण, पेटीवर कोण हे सगळं मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असायचं, ते पुसलं गेलं, आणि विक्री बुडण्यापेक्षा ही खोट मला मोठी वाटते. कॅसेटवाल्यांनी त्याच खणांत चार्जर आणि मोबाईलची कव्हरं मांडली.

स्ट्रीमिंग आल्यावर

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरणाऱ्या पोराचाही धंदा गेला. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ ला आलं, गाना नि सावन त्याआधीची, खरं खेड्यापाड्यात चालतं ते यूट्यूबच, फुकट आणि वर चित्र दिसतं. स्पॉटिफायवर पैसे वाटायची साधारण रीत अशी की सगळ्यांची वर्गणी एका भांड्यात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा तेवढी रक्कम. तीस सेकंद वाजलं तरच मोजतात, म्हणून सुरुवातीचे लांब म्युझिक पीस आखूड झाले. २०२४ पासून तर वर्षात हजारदा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा छदामही मिळत नाही. मोठ्या कंपनीला याचं काही नाही. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या भजनी मंडळाचं बघा, कॅसेट काढली तर यात्रेत, सप्ताहात, पाव्हण्यारावळ्यांत शे-दोनशे खपवून खर्च निघायचा, आता तेच भजन ऑनलाइन टाकलं तर गावातली आणि मुंबई-पुण्याला गेलेली मिळून ऐकणार किती जण?

म्हाताऱ्या माणसांसाठी सारेगामानं २०१७ ला कारवाँ नावाचा ५००० गाणी भरलेला रेडिओसारखा डबा काढला, तो बऱ्याच घरांत नातवंडांनी आणून दिलाय. बटण दाबलं की गाणं, बाजू पालटायची भानगड नाही.

जुन्या कॅसेटी काही माळ्यावर आहेत, काही भंगारात गेल्या. फिती मात्र वाया गेल्या नाहीत. जोंधळ्याच्या कणसात दूध भरलं की पाखरं बसतात, तेव्हा शेताच्या या काठीपासून त्या काठीपर्यंत कॅसेटची फीत ताणून बांधतात. उन्हात ती चमकते आणि वारा सुटला की घुंईऽ वाजते, पाखरं तीन-चार दिवस तरी लांब राहतात.