कोलिबॅक्टिन : डीएनएवर उमटलेला जीवाणूचा ठसा

मोठे आतडे आणि गुदाशय यांचा कर्करोग पन्नाशीच्या आतील लोकांमध्ये अनेक देशांत वाढत असून, त्याच्या कारणांचा शोध आता आतड्यातील जीवाणूंपर्यंत येऊन पोहोचला आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ देशांतील ९८१ रुग्णांच्या गाठींमधील संपूर्ण डीएनए वाचला गेला. एका जीवाणूजन्य विषाच्या खुणा चाळिशीच्या आतील रुग्णांत सत्तरीपुढील रुग्णांपेक्षा ३.३ पट अधिक प्रमाणात आढळल्या. यावरून हा कर्करोग संसर्गजन्य आहे असे समजणे चूक आहे. त्या विषाचे कार्य मात्र बारकाईने समजून घेण्यासारखे आहे.

या विषाचे नाव कोलिबॅक्टिन. आपल्या आतड्यात वस्तीला असणाऱ्या ई. कोलाय जीवाणूच्या काही वाणांकडे ‘पीकेएस’ हा १९ जनुकांचा संच असतो आणि त्याच्या साहाय्याने ते हा रेणू घडवतात. स्वतःच्या डीएनएला इजा होऊ नये म्हणून जीवाणू त्याला आधी एक शेपूट जोडून निष्क्रिय ठेवतो. जीवाणूचे आतील पटल ओलांडल्यावरच एक विकर (एन्झाइम) ते शेपूट कापते. सक्रिय रेणूच्या दोन्ही टोकांना तीन कार्बन अणूंचे एकेक त्रिकोणी कडे असते. एरवी सुमारे १०९ अंशांचा कोन साधणारे कार्बनचे बंध तिथे ६० अंशांत वाकलेले असल्याने हे कडे कमालीचे ताणलेले असते आणि डीएनएमधील ॲडेनीन हा घटक भेटताच उघडून त्याला जखडते. एक टोक एका पदराला, दुसरे समोरच्या पदराला जोडले गेले की दोन्ही पदर एकमेकांना टाचले जातात. डीएनएची प्रत काढताना ते सुटे होऊ शकत नाहीत, आणि दुरुस्तीत चुका राहतात. डीएनएमधील थायमीन या दुसऱ्या घटकाच्या सलग रांगेतून एखादे गळणे ही त्यांतली ठळक चूक.

२०२० साली नेदरलँड्समधील संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या सूक्ष्म प्रतिकृतींना (ऑर्गनॉइड) पाच महिने या जीवाणूंच्या सान्निध्यात ठेवले, तेव्हा नेमका हाच ठसा उमटला. विष बनवण्याची क्षमता काढून घेतलेल्या जीवाणूंनी तो उमटवला नाही. हाच ठसा पुढे रुग्णांच्या गाठींतही सापडला.

‘चांगले’ आणि ‘वाईट’ जीवाणू अशी सरसकट वाटणी करून उत्पादने विकणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : प्रोबायोटिक (आरोग्यासाठी घेतले जाणारे जिवंत जीवाणू) म्हणून दीर्घकाळ वापरला जाणारा ई. कोलाय निसल १९१७ हा वाणही हाच जनुकसंच बाळगतो. उलट, हा संच निरोगी माणसांच्या आतड्यातही आढळतो, त्यामुळे तो असणे म्हणजे कर्करोग होणे नव्हे.

२०१२ पासून गाठींमध्ये वारंवार सापडणारा मुखातील फ्युझोबॅक्टेरियम हा जीवाणू वेगळ्या मार्गाने, तयार झालेल्या गाठीच्या वाढीला हातभार लावतो. कोलिबॅक्टिनचे घाव मात्र बहुधा आयुष्याच्या पहिल्या दशकातच बसतात, असे संशोधकांचे अनुमान आहे. म्हणून निदानाच्या वेळी गाठीत कोलिबॅक्टिन बनवणारा जीवाणू सापडला नाही, तरी त्याचा ठसा तिथे असू शकतो.