अडीच इंचांचा कप्पा : जुन्या लॅपटॉपची डिस्क बदलण्यामागची पार्श्वभूमी

एसएसडीच्या, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणाऱ्या डिस्कच्या, खोक्यात बरेचदा एक काळी प्लास्टिकची चौकट निघते. अडीच मिलिमीटर जाड, एका बाजूला चिकटपट्टी. ती कशाला दिलीय हे कळत नाही, त्यामुळे ती खोक्याबरोबर केरात जाते. मग जुन्या लॅपटॉपच्या कप्प्यात नवी डिस्क खुळखुळत राहते. माझीही पहिली चौकट केरातच गेली. मामांच्या लॅपटॉपमध्ये शेवटी व्हिजिटिंग कार्डं कापून, एकावर एक रचून ती फट भरली.

लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची जाडी १९, १७, १२.५ मिमी असे टप्पे घेत खाली आली आणि ९.५ मिमीवर बरीच वर्षं स्थिरावली. २०१० च्या आसपास ७ मिमीच्या डिस्क आल्या, पुढे एसएसडीही त्याच मापाच्या निघाल्या. चौकट भरून काढते ती हीच तफावत. बाकी लांबी, रुंदी, स्क्रूच्या जागा, सगळं तसंच राहिलं.

हे माप ठरलं कसं? १९५६ साली आयबीएमने कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये तयार केलेल्या पहिल्या डिस्क-यंत्रात २४ इंची ५० तबकड्या होत्या. वजन टनाच्या घरात आणि त्यात मावायची ५० लाख अक्षरं. गंमत अशी की पुढच्याच पिढीत डिस्क बदलणं हे रोजचं काम झालं. १९६२ च्या आयबीएम १३११ मध्ये तबकड्यांचा गठ्ठा मूठ धरून डब्यासारखा उचलायचा आणि दुसरा बसवायचा. १९७३ च्या ‘विंचेस्टर’ रचनेत वाचणारी डोकी आणि तबकड्या एकाच बंद पेटीत गेल्या. तेव्हापासून डिस्क उघडायची नाही, अख्खी बदलायची. मग ती आक्रसत गेली. १९८० साली सीगेटची सव्वापाच इंची, पाच एमबीची. १९८३ साली स्कॉटलंडच्या रोडाइमची साडेतीन इंची. आणि १९८८ साली अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या प्रेअरीटेक या कंपनीची अडीच इंची, २० एमबीची. प्रेअरीटेक तीनेक वर्षांत बुडाली. तिचं नाव आज कुणाला आठवत नाही, पण तिने आणलेलं माप टिकलं.

अडीच इंच ही आतल्या तबकडीची मोजदाद. डिस्कवर पट्टी धरली तर रुंदी पावणेतीन इंच भरते. एसएसडीत तर तबकडीच नाही, तरी दुकानात मागताना आपण ‘अडीच इंची’च म्हणतो.

लहान डिस्कची आणखी एक गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कची मोटर फिरायला १२ व्होल्ट लागतात. लॅपटॉपची डिस्क केवळ ५ व्होल्टवर चालते आणि यूएसबीतूनही ५ व्होल्टच मिळतात. म्हणून नवी डिस्क साध्या केबलने बाहेरून जोडून तिच्यावर जुनीचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करता येतो, वेगळा अडॅप्टर भिंतीत खोचावा लागत नाही. जुन्या यूएसबी पोर्टवर काही डिस्क टकटक करत राहतात, फिरत नाहीत, तेव्हा बहुधा प्रवाह कमी पडत असतो.

जोडणीचा इतिहास दोनच टप्प्यांचा. आधी आयडीई. लॅपटॉपच्या डिस्कला ४४ बारीक पिना, त्यांतल्याच काही विजेच्या. घाईत डिस्क ओढली की पीन वाकलीच. २००३ मध्ये साटा आलं आणि पहिल्यांदाच डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांच्या डिस्कला हुबेहूब एकच तोंड मिळालं. तुमचा जुना लॅपटॉप आयडीईचा आहे की साटाचा, हा प्रश्न डिस्क विकत घेण्याआधी सुटलेला बरा.

क्षमतेच्या भिंती मात्र अनेक. सुरुवातीच्या पीसीत बायोस (यंत्र सुरू करणारा पायाभूत प्रोग्रॅम) आणि आयडीई यांच्या मर्यादा एकत्र आल्या की १०२४ सिलिंडर (तबकड्यांवरची वर्तुळं), १६ डोकी आणि ६३ सेक्टर (वर्तुळाचे तुकडे), प्रत्येकी ५१२ बाइटचे, एवढंच मोजता येई. गुणाकार करा, ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइट. त्यापुढची डिस्क असली तरी दिसायची नाही. पुढची एक भिंत १३७ जीबीची, कारण सेक्टरच्या पत्त्यासाठी २८ बिट. मूळ विंडोज एक्सपी तिथेच अडायची, २००२ च्या सर्व्हिस पॅक १ ने वाट मोकळी केली. जुन्या यंत्रात मोठी डिस्क घातल्यावर ‘जागा गेली कुठे?’ असं वाटलं, तर ती बहुतेक अशा एखाद्या भिंतीपलीकडे असते.

आता क्लोनिंग. युनिक्सवर ‘डीडी’ नावाची आज्ञा १९७० च्या दशकापासून आहे. ती फायली ओळखत नाही. इथून उचलायचं, तिथे ठेवायचं, एवढंच तिला ठाऊक. उगम आणि मुक्काम यांची नावं उलटी लिहिली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर तितक्याच इमानदारीने उतरवते. सामान्य पीसीवाल्यांपर्यंत क्लोनिंग पोचवलं ते ‘घोस्ट’ने. १९९५ साली न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या बायनरी रिसर्च कंपनीत मरे हॅझार्ड यांनी ते लिहिलं आणि १९९८ साली सिमँटेकने ते विकत घेतलं. फ्लॉपीत मावणारा हा प्रोग्रॅम विंडोजची फाइल-व्यवस्था ओळखायचा, भरलेला भागच उचलायचा आणि वेगळ्या आकाराच्या डिस्कवर नीट पसरायचा. पंचवीस-तीस यंत्रांवर एकेक करून विंडोज टाकणाऱ्या लॅब असिस्टंटला त्याची किंमत विचारावी. पुढे तैवानमधून मोफत ‘क्लोनझिला’ आलं. डिस्क मरणपंथाला लागली असेल तर २००४ पासूनचं ‘डीडीरेस्क्यू’ आधी धड भाग वाचून घेतं, कुठे काय राहिलं याची नोंद ठेवतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं. साधी क्लोनिंगची साधनं अशा डिस्कवर मध्येच मान टाकतात.

पण क्लोन करायचंच कशाला? आपल्याकडच्या दुकानात पहिला सल्ला ‘फॉरमॅट मारून देतो’ हाच असतो. मामांचा लॅपटॉप २००८ चा, त्यात एक्सपी, १६० जीबीची डिस्क आणि पानं रचायचं पेजमेकर. गावातल्या लग्नपत्रिका, देवस्थानच्या पावत्या, सोसायटीचे अहवाल, वीस वर्षांचं सगळं काम त्यात. दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, दीड तासात फॉरमॅट मारून देतो.” मामा म्हणाले, “मारशील रे बाबा, पण माझी श्रीलिपी कुठून आणशील?”

प्रश्न रास्त होता. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणारं अक्षरांचं एकच कोष्टक, रुळण्याआधी मराठी डीटीपी चालायची ती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर. प्रत्येकाचं अक्षरांचं कोष्टक निराळं. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी. सीडी हरवलेली, लायसन्सचा कागद कुठल्या फायलीत आहे देव जाणे. अशा यंत्राची डिस्क बदलताना डिस्क जशीच्या तशी उतरवून घेण्याला पर्याय नसतो. माझ्या मते मराठी छापखान्यांतले निम्मे जुने लॅपटॉप याच कारणाने जिवंत आहेत.

क्लोन झालं आणि आणखी एक जुनं भूत निघालं. वर आलेला ६३ चा आकडा आठवतो? त्याच हिशेबाने एक्सपी पहिलं पार्टिशन (डिस्कचा आखून दिलेला भाग) ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते. सेक्टर ५१२ बाइटचे होते तोवर बिघडलं नाही. पण नव्या डिस्क आतून ४०९६ बाइटचे, म्हणजे आठ जुन्या सेक्टरांचे गठ्ठे करतात आणि ६३ ला आठाने पूर्ण भाग जात नाही. परिणामी विंडोजचा प्रत्येक तुकडा दोन गठ्ठ्यांवर तंगड्या टाकून बसतो आणि एक लिहायचं तिथे दोन गठ्ठे हलतात. व्हिस्टापासून पार्टिशन एक एमबीवरून सुरू होतं, तिथे हा घोळ नाही. आम्ही पार्टिशन सरकवून घेतलं.

दुसरी गोष्ट दुकानातल्या मुलाने सांगितली ती खरी निघाली. क्लोनमध्ये डिस्कवरची चार बाइटची ओळखखूणही उतरते. विंडोज ड्राइव्हची अक्षरं त्या खुणेवरून लक्षात ठेवते. जुनी-नवी दोन्ही जोडून पहिल्यांदा सुरू केलं, तर ती जुळ्यांमध्ये गफलत करू शकते. म्हणून पहिल्या वेळी जुनी काढूनच ठेवायची.

एसएसडीने क्लोनिंगची दिशाही उलटवली. तोवर डिस्क बदलायची ती मोठी घ्यायला. २००८ साली इंटेलची एक्स२५-एम आली ती ८० जीबीची, हजारांच्या घाऊक खरेदीत नगाला ५९५ डॉलर. त्या वेळी लॅपटॉपला ५०० जीबीची हार्ड डिस्क मिळत होती. वेग हवा तर मोठ्यातून लहानात उतरावं लागे, म्हणजे आधी जुनी डिस्क झाडून पुसून रिकामी करणं आलं. फोटोंचा ढीग दुसरीकडे हलवणं हाच त्या कामातला सर्वांत लांबलेला भाग.

त्यानंतर कप्पाच गेला. एम.२ एसएसडीची च्युइंगगमसारखी पट्टी आली, ती निदान एका स्क्रूने सुटते. ॲपलने २०१६ च्या टचबारवाल्या मॅकबुक प्रोमध्ये साठवणच मदरबोर्डवर डाख देऊन बसवली. स्वस्त लॅपटॉपमधली ईएमएमसी ही साठवणीची चिपही तशीच. तिथे क्लोन करून घेतलं तरी ते बसवायचं कुठे?

मामांचा लॅपटॉप चालतोय. इंटरनेट जोडायचं नाही, ही अट त्यांनी मान्य केली आहे. जुनी डिस्क त्यांनी फॉइलमध्ये गुंडाळून टाइपाच्या रिकाम्या खणात ठेवली आणि वर स्केचपेनने लिहिलं : ‘चालू आहे. पुसू नये.’