खाणवारसा आणि पायवाटा : स्वयंसेवी जतन

बंद पडलेल्या खाणींच्या परिसरातील इंजिनघरे, शाफ्ट (खाणीत उतरण्याच्या उभ्या विहिरी), ट्रामचे मार्ग, दगडमातीचे ढिगारे आणि कामगारांच्या आठवणी स्थानिक लोकांनी विनामोबदला जपणे आणि त्याच जमिनीवर चालण्यासाठी व सायकलींसाठी वाटा तयार करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. ही दोन्ही कामे बहुधा एकाच गावात, पुष्कळदा त्याच माणसांच्या हातून होतात. वाट झाली की माणसांची ये-जा सुरू होते आणि ढासळणारी भिंत वेळेवर कोणाच्या तरी नजरेस पडते.

खाण बंद झाली की यंत्रे भंगारात निघतात. इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर लेव्हंट ही कथील व तांब्याची खाण होती. तिची भुयारे समुद्रतळाखाली दूरवर गेली होती. 1919 मध्ये तेथे कामगारांची ने-आण करणारे यंत्र तुटून 31 जण मरण पावले; 1930 मध्ये खाण बंद झाली. 1840 सालचे तिचे वाफेचे इंजिन मोडीत निघणार, असे दिसताच 1935 मध्ये स्थानिक मंडळींनी समिती स्थापून ते वाचवले. तीच समिती पुढे ट्रेव्हिथिक सोसायटी झाली. इंजिन वाचले, पण पुढची कित्येक दशके ते गंजत उभे होते. 1980च्या दशकात ‘ग्रीझी गँग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वयंसेवकांनी ते सुटे करून, घासून, तेलपाणी करून पुन्हा जोडायला घेतले आणि 1990च्या दशकात ते परत वाफेवर फिरू लागले. कॉर्नवॉल व वेस्ट डेव्हनच्या खाणप्रदेशाला युनेस्कोने 2006 मध्ये जागतिक वारसा ठरवले. ही राजमान्यता मिळाली, त्याच्या 71 वर्षे आधी लोकांनी काम हाती घेतले होते, हे विसरता येत नाही.

इंग्लंडमधल्याच डर्बीशरमध्ये 1959 मध्ये स्थापन झालेली पीक डिस्ट्रिक्ट माइन्स हिस्टॉरिकल सोसायटी शेल्डन गावाजवळची मॅगपाय ही शिशाची खाण सांभाळते. 1833 मध्ये शेजारच्या खाणीशी झालेल्या वादात भूमिगत आगींच्या धुराने गुदमरून येथे तिघांचा जीव गेला होता. दगडी इंजिनघर आणि धुराडे अशा इतिहासासकट जपले, तरच पाहणाऱ्याला त्या जागेचा अर्थ लागतो.

वाटांच्या बाबतीत खाणप्रदेशाला एक आयती सोय मिळते. खनिजाने भरलेल्या वाघिणी घोड्यांना ओढता याव्यात म्हणून ट्रामचे मार्ग मंद चढाचे आखलेले असत. रूळ निघाल्यावर तेच सायकलींना सोयीचे ठरतात. कॉर्नवॉलमध्ये पोर्टरेथ ते डेव्होरन ही सुमारे 18 किलोमीटरची वाट जुन्या खनिजमार्गांचाच माग धरते. नवी वाट डोंगराच्या कडेने काढायची असेल, तर पाण्याचा विचार आधी करावा लागतो. वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नको, सरासरी 10 टक्क्यांच्या आत हवा आणि वाट दरीच्या बाजूला किंचित कलती हवी, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न जाता आडवे उतरून जाते. स्वयंसेवकांचा बहुतेक वेळ कुदळ-फावड्याने निचरा मोकळा करण्यात जातो. हे काम दिसत नाही, पण ते थांबले की दोन-चार पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या कुयुना पट्ट्यात मँगनीजयुक्त लोहखनिज निघत असे. उघड्या खाणींमध्ये पाणी साचून खोल, नितळ तलाव झाले. 1993 मध्ये हा भाग राज्याचे मनोरंजनक्षेत्र झाला आणि 2011 मध्ये तेथील तांबड्या मातीत डोंगरी सायकलींच्या वाटा खुल्या झाल्या. त्यांची देखभाल करण्यात स्थानिक सायकलस्वारांचा मोठा हातभार आहे. याच पट्ट्यातील मिलफर्ड खाणीत 5 फेब्रुवारी 1924 रोजी पाणी घुसून 41 कामगार बुडाले. तेथे आता स्मृतिउद्यान आहे. मौजेसाठी आलेल्या माणसाला असे ठिकाण वाटेतच लागावे, ही योजना फार मोलाची आहे.

या कामात धोकेही आहेत. शाफ्टवरची जुनी लाकडे कुजलेली असतात, त्यामुळे तोंडे बंद करावी लागतात. मात्र आत वटवाघळे राहत असतील, तर भिंत न घालता त्यांना ये-जा करता येईल अशी आडव्या गजांची जाळी बसवतात. ढिगाऱ्यांत शिसे किंवा आर्सेनिक असू शकते, म्हणून वाटेसाठी माती उचलण्यापूर्वी तिची तपासणी करणे आवश्यक असते. वेल्समधील ॲबरफान येथे 1966 मध्ये कोळशाच्या खाणीचा ढिगारा घसरून 116 मुलांसह 144 जण दगावले. त्यानंतर धोकादायक ढिगाऱ्यांवर कायद्याने देखरेख आली, आणि ते योग्यच होते. पण जो ढिगारा स्थिर आहे, तो निव्वळ कुरूप दिसतो म्हणून सपाट करू नये. काही ठिकाणी त्याच्यावर धातू सोसणाऱ्या दुर्मीळ वनस्पती वाढतात.

यंत्रे आणि वाटा यांची डागडुजी पुढेही करता येते. वयोवृद्ध कामगारांच्या मुलाखतींना मात्र तेवढी सवड नसते. कोणत्या घंटेचा काय अर्थ होता, पाळी कशी बदलत असे, कोणत्या बोगद्यात छत ठिसूळ होते, हे नकाशांवरून क्वचितच कळते. म्हणून जाणती मंडळे दुरुस्तीच्या बरोबरीने, कधी तिच्याही आधी, ध्वनिमुद्रणाचे काम हाती घेतात आणि वाटेवरच्या माहितीफलकांचा मजकूर त्याच कामगारांकडून तपासून घेतात.