पावसाचा खंड मोजायला पायथनला सीची जोड

ऑगस्ट 2023 मध्ये मराठवाड्यात ज्याच्या त्याच्या तोंडी 21 हा आकडा होता. सलग 21 दिवस पावसाचा खंड पडलेल्या महसूल मंडळांत पीकविम्याचा 25 टक्के अग्रिम मिळणार का, याची चर्चा पारापारावर चालली होती.

हा खंड मोजण्याची रीत सोपी आहे. दिवसाचा पाऊस 2.5 मिलिमीटरपेक्षा कमी असला की मोजणी एकाने वाढवायची, नाहीतर शून्यावर आणायची. पण आठ जिल्ह्यांतल्या सगळ्या मंडळांची वर्षानुवर्षांची रोजची नोंद घेतली की पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं साधं लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड, रेंगाळतं. 64-बिट संगणकावर पायथन प्रत्येक दशांश आकडा 24 बाइटांची स्वतंत्र वस्तू म्हणून ठेवतं, यादीत तिचा पत्ता ठेवायला आणखी 8 बाइट. शिवाय दर वेळी ती वस्तू कोणत्या प्रकारची आहे हे तपासतं. सी या दुसऱ्या भाषेत आकडे 8-8 बाइटांत ओळीने बसतात आणि प्रकार कंपाइल करतानाच, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर होतानाच ठरतो.

नुसती सरासरी हवी असती तर नमपाय हे पायथनचं आकडेमोडीचं तयार पॅकेज होतंच, त्याचा गाभा सीमध्येच आहे. खंडाची मोजणी मात्र आदल्या दिवसावर अवलंबून, ती तयार फंक्शनांत सहज बसत नाही. म्हणून तेवढं लूप सीमध्ये लिहून पायथनला जोडावं. याला एक्स्टेन्शन मॉड्यूल म्हणतात. कंपाइल केल्यावर लिनक्सवर ‘.एसओ’ फाइल तयार होते. इम्पोर्ट म्हटलं की पायथन ती मेमरीत चढवतं आणि ‘पायइनिट’ने सुरू होणारं ठरावीक फंक्शन शोधून चालवतं.

नांदेड-परभणीकडची मुलं त्याआधीच, तयार पॅकेज टाकतानाच अडतात. एरवी पिप हे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन आधीच कंपाइल केलेलं पॅकेज, म्हणजे ‘व्हील’ आणतं. लॅबमधलं लिनक्स फार जुनं असलं तर ते व्हील चालत नाही, मग पिप मूळ कोड आणून तिथेच कंपाइल करायला घेतं. पडदाभर लाल अक्षरं येतात, मुलं टर्मिनल बंद करतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पुष्कळदा त्यात कामाची ओळ एकच असते: ‘पायथन.एच’ सापडली नाही. पायथनशी कसं बोलायचं हे कंपायलरला सांगणारी ही हेडर फाइल. उबुंटू लिनक्सवर ‘पायथन3-डेव्ह’ पॅकेज आणि जीसीसी हा सीचा कंपायलर टाकला की काम पुढे सरकतं.

पायथनच्या 3.11 आवृत्तीसाठी बांधलेली फाइल 3.12मध्ये सहसा चालत नाही. पण 3.2पासून पायथनने आपल्या आतल्या फंक्शनांचा एक संच स्थिर ठेवला आहे आणि अ‍ॅरेची मेमरी थेट वाचायची सोयही 3.11पासून त्यात आली. खंडाचं फंक्शन तेवढ्याच संचात लिहिलं, तर 3.11वर बांधलेली फाइल पुढच्या आवृत्त्यांतही पुन्हा कंपाइल न करता वापरता येते.