हॅरल्ड शिपमन

हॅरल्ड फ्रेडरिक शिपमन (१४ जानेवारी १९४६ – १३ जानेवारी २००४) : इंग्लंडमधला फॅमिली डॉक्टर आणि सिरियल किलर. जन्म नॉटिंगहॅमचा, १९७० मध्ये लीड्समधून डॉक्टर झाला. मँचेस्टरजवळच्या हाइड या छोट्या गावात १९७७ पासून प्रॅक्टिस, १९९२ पासून मार्केट स्ट्रीटवर स्वतःचा एकट्याचा दवाखाना. बायको, चार मुलं, घरी येऊन तपासणारा डॉक्टर म्हणून गावात मान, आणि त्याच्याकडे नाव नोंदवायला लोक थांबायला तयार असायचे.

हा मान आणि हे खून वेगळे काढताच येत नाहीत. बळी बहुतेक एकट्या राहणाऱ्या वयस्कर बायका, तो दुपारी व्हिजिटला जायचा, डायमॉर्फिनचं (शरीरात मॉर्फिन बनणारं तीव्र वेदनाशामक) इंजेक्शन द्यायचा आणि मग मृत्यूचा दाखलाही स्वतःच लिहायचा. दाखल्यावर नैसर्गिक कारण असलं की कॉरोनरकडे (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) प्रकरण जायचं नाही, पोस्टमॉर्टेम नाही. दहनासाठी दुसऱ्या डॉक्टरची सही लागायची, पण तो दुसरा डॉक्टर बहुतेकदा शिपमनने सांगितलेलंच खरं धरायचा. डायमॉर्फिन यायचं कॅन्सरच्या शेवटच्या स्टेजच्या पेशंटच्या नावावर, उरलेलं तो ठेवून घ्यायचा. खरं तर १९७५ मध्येच, टॉडमॉर्डनला असताना, स्वतःसाठी पेथिडिन या नशा आणणाऱ्या वेदनाशामकाची खोटी प्रिस्क्रिप्शन्स लिहिताना तो पकडला गेला होता, ६०० पौंड दंड झाला, पण डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन शाबूत राहिलं.

शंका पहिल्यांदा आली ती मोठ्या यंत्रणेला नाही. पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या, अंगावर रोजचे कपडे, अशा अवस्थेत गेलेले दिसतात हे अंत्यविधी करणाऱ्या घराण्यातल्या लोकांना खटकलं, एका टॅक्सीवाल्याने तर आपल्या गेलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची यादीच ठेवली होती. मार्च १९९८ मध्ये समोरच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टर बाईंनी कॉरोनरला कळवलं, पण पोलिसांनी महिन्याभरात तपास गुंडाळला आणि त्यानंतर आणखी तीन बायका मेल्या. शेवटची हाइडची ८१ वर्षांची बाई, २४ जून १९९८. तिच्या नावाचं एक मृत्युपत्र निघालं, सगळी इस्टेट, सुमारे ३,८६,००० पौंड, डॉक्टरला. मुलगी स्वतः सॉलिसिटर, तिने ते बघताच ओळखलं की आई असं टाइप करणारच नाही. टाइपरायटर शिपमनच्या दवाखान्यात सापडला, कागदावर त्याच्या बोटाचा ठसा होता. बाईंचं दफन झालेलं असल्यामुळे शव उकरून काढता आलं आणि त्यात मॉर्फिन मिळालं. पेशंटच्या कॉम्प्युटर नोंदीत त्याने मागच्या तारखा टाकून खोटा आजार घुसवला होता, पण नोंद खरोखर कधी केली ते कॉम्प्युटरने आत साठवून ठेवलं होतं.

३१ जानेवारी २००० ला प्रेस्टन क्राउन कोर्टात १५ खून आणि एक बनावट मृत्युपत्र यांसाठी दोषी, जन्मठेप. मग खरा आकडा किती? कोर्टात फक्त १५ केसेस चालल्या, म्हणून तो आकडा सगळ्यात कमी पण सगळ्यात पक्का. न्यायाधीश जॅनेट स्मिथ यांच्या सरकारी चौकशीने २००२ मध्ये २१५ बळी निश्चित धरले (१७१ बायका, ४४ पुरुष) आणि ४५ मृत्यूंबद्दल दाट संशय नोंदवला, २००५ च्या शेवटच्या अहवालात एकूण अंदाज सुमारे २५०. सुरुवात कधी झाली यावरही एकमत नाही, आधी मार्च १९७५ धरायचे, पण शेवटचा अहवाल ती त्याच्याही आधी, पाँटफ्रॅक्टच्या हॉस्पिटलात १९७०–७४ च्या सुमारास नेतो. जुन्या नोंदी फारशा उरलेल्या नसल्यामुळे ही तारीख बहुधा अंदाजाचीच राहील, तरी चौकशीचा अंदाज जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो एकेक मृत्यू तपासून काढलेला आहे.

कारणाबद्दल वाद जास्त. तो सतरा वर्षांचा असताना, १९६३ मध्ये, आई कॅन्सरने गेली आणि घरी येणारा डॉक्टर तिला मॉर्फिन द्यायचा, त्यावरून बरेच जण सगळं उलगडू बघतात. ऐकायला पटतं, पण एवढ्यावरून २५० मृत्यू समजत नाहीत. पैशाचं कारण जवळजवळ शेवटच्या एकाच केसला लागू पडतं. स्मिथ यांनी मारण्याचंच व्यसन लागलं असावं अशी शक्यता मांडली आणि एकट्याचा दवाखाना सुरू झाल्यावर आकडा झपाट्याने वाढला याच्याशी ती बरीच जुळते. शिपमनने शेवटपर्यंत काही कबूल केलं नाही, वेकफिल्ड तुरुंगात त्याने गळफास घेतला.

यानंतर ब्रिटनमध्ये डॉक्टरांचं ठरावीक काळाने रिव्हॅलिडेशन (प्रॅक्टिसला योग्य आहेत का याची फेरतपासणी) २०१२ पासून सुरू झालं. इंग्लंड-वेल्समध्ये प्रत्येक मृत्यूचं कारण स्वतंत्र मेडिकल एक्झामिनर किंवा कॉरोनरने तपासायची सक्ती मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये आली.