मधला जीव मोजायला इतकी वर्षं का लागली

नवी मुंबईतल्या दिवाळे किंवा ऐरोलीच्या कोळीवाड्यात विचारा, जवळा पूर्वीसारखा मिळत नाही असंच ऐकायला मिळेल, आणि मग वाद सुरू, खाडीत सोडलेल्या घाण पाण्यामुळे की समुद्रच तापतोय म्हणून? हे वेगळं काढायचं तर बाहेर खुल्या समुद्रात जवळ्यासारख्या मधल्या जीवांचं, म्हणजे सूक्ष्म वनस्पती आणि मोठा मासा यांच्या मधल्यांचं, काय चाललंय ते आधी कळायला हवं, आणि तो शोध बराच जुना आहे.

1959 ते 1965 या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, 40 च्या वर जहाजं, आपल्या नेव्हीचं आयएनएस किस्तना पण होतं. ठरलं असं की सगळ्यांनी एकाच मापाची जाळी 200 मीटरवरून सरळ वर ओढायची, म्हणजे तुलना करता येईल, आणि त्यातले बारीक प्राणी कोचीनच्या केंद्रात निवडायचे. 1966 ला एनआयओ, म्हणजे आता गोव्यात असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, सुरू झाली तीही याच कामाच्या जोरावर.

पुढे 1987 ला जेगॉफ्स हा आंतरराष्ट्रीय समुद्र-संशोधन कार्यक्रम आला, त्याचा सगळा भर समुद्रातल्या कार्बनच्या हिशेबावर. आपल्याला त्यातून एक फार मोलाची गोष्ट मिळाली. हिवाळ्यात उत्तरेकडचे कोरडे वारे अरबी समुद्राचं वरचं पाणी थंड करतात, ते जड होऊन खाली जातं, खालची पोषकद्रव्यं वर येतात आणि वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, जोमात वाढतं. शास्त्रज्ञ मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी 1996 ला हे मांडलं. आता वरचं पाणी तापतच राहिलं तर ही घुसळण कशी होणार, मला तर याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

पण कार्बनच्या हिशेबात मासा जवळपास नव्हताच. वनस्पती-प्लवक आणि मोठा मासा यांच्या मधले कोपेपॉड (डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी प्राणी), जवळा, माशांची पिल्लं, यांचं काय? 1992 ला कॅनडाला कॉड माशाची मासेमारी बंद करावी लागली, त्याच सुमारास ग्लोबेक हा दुसरा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम उभा राहत होता आणि तो हेच विचारत होता, की पिल्लू अंड्यातून निघालं तेव्हा त्याचं खाणं तिथे हजर आहे का, कारण पाणी तापलं की दोघांची वेळ चुकू शकते. ग्लोबेक 2010 ला संपला, काम इंबर या पुढच्या कार्यक्रमाकडे गेलं, आणि तिथे मासेमार माणूसही अभ्यासाचा भाग झाला, हे मला सगळ्यात योग्य वाटतं.

2015 च्या डिसेंबरात दुसरी हिंदी महासागर मोहीम गोव्यातूनच सुरू झाली.