पार्श्वभूमी : नॅनोकण, प्रकाश-उत्प्रेरक आणि निळ्या रंगाची चाचणी

प्रकाश-उत्प्रेरक म्हणजे प्रकाश पडला की रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. त्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पाडून पाण्याचं विघटन होतं, हे १९७२ साली जपानमध्ये दिसलं. ते दशक सरण्याआधीच याच पदार्थाने पीसीबी (क्लोरीनयुक्त विषारी रसायनं) आणि सायनाइड मोडून दाखवलं गेलं, त्यावर प्लॅटिनम बसवण्याची पद्धतही हाती आली. धातूचं काम तेव्हा एकच होतं : प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन ओढून घेऊन त्याला होलशी (त्याच्या मागे राहिलेल्या रिकाम्या जागेशी) पुन्हा जुळू न देणं. धातू जास्त झाला की तोच जुळणीचं ठिकाण बनतो, म्हणून प्रमाण थोडंच ठेवतात.

खरी धावपळ २००० नंतरची. ॲनाटेस या टायटॅनियम डायऑक्साइडच्या रूपाचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सूर्यप्रकाशातला जेमतेम चार-पाच टक्के अतिनील भागच कामाचा. सोन्याचे नॅनोकण मात्र ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, चांदीचे त्याहून आखूड तरंगलांबीचा. २००८ मध्ये चांदीच्या जोरावर ‘प्लाझ्मॉनिक’ (धातूच्या कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाने एकत्र डोलतात, त्या प्लाझ्मॉनवर चालणारा) उत्प्रेरक हे नाव रूढ होऊ लागलं आणि शोधनिबंधांचा पूर आला.

त्यातल्या कितीतरी निबंधांत प्रदूषक म्हणून वापरलंय मिथिलीन ब्लू, एक निळा रंग. स्वस्त, साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (किती प्रकाश शोषला गेला ते मोजणाऱ्या उपकरणावर) ६६४ नॅनोमीटरला मोजता येणारं. ही निवड सोयीची होती, पण दृश्य प्रकाशासाठी ती चुकीचीच म्हणायला हवी. हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो आणि इलेक्ट्रॉन उत्प्रेरकाला देतो. मग श्रेय सोन्याचं की रंगाचं? काही रंग उत्प्रेरकाच्या पावडरीला नुसता चिकटतो, म्हणून आधी अंधारात ढवळून घ्यावं लागतं. ऑक्सिजन कमी पडला तर त्याचं बिनरंगी ल्यूको रूप तयार होतं : कुपी पाण्यासारखी स्वच्छ दिसते, झाकण उघडून हलवली की निळाई परत येते. रेणू तुटलेलाच नसतो. हा आक्षेप २००६ मध्येच छापून आला होता. २०१० च्या आंतरराष्ट्रीय मानकातही मिथिलीन ब्लू आहे, पण तिथे दिवा अतिनील आहे. ही अट वाचणारे थोडे, मानकाचा दाखला देणारे फार.

प्रदूषक संपलं असं म्हणायचं तर एकूण सेंद्रिय कार्बन मोजायला हवा, किंवा फिनॉलसारखा बिनरंगी पदार्थ घ्यायला हवा. आता प्रतिजैविकांवरही चाचण्या होतात. अलीकडे आणखी एक वाद उभा आहे : प्लाझ्मॉनचं काम ‘गरम’ (प्रकाशाने जास्त ऊर्जा मिळालेले) इलेक्ट्रॉन करतात की कण तापल्याने नुसती उष्णताच? शिवाय चांदीचे आयन पाण्यात सुटतात आणि जलचरांना ते विषारी असतात, त्यामुळे उत्प्रेरक वापरून झाल्यावर पाण्यातली चांदीही मोजावी लागते.